डोक्याचा मार आणि सात दिवसांची मुदत

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाचे ऑपरेशन पार पडले की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. जिवावरचे संकट टळले, आता शुद्ध आली की झाले, असा हिशेब असतो. पण त्याच माणसाची नाडी, रक्तदाब, घाम, शरीराचे तापमान, लघवी आणि शौच यांचा कारभार पुढे कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने विस्कटलेला राहू शकतो, हे त्यांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. आपल्या योजना, दिव्यांग प्रमाणपत्रे आणि अपघात भरपाईचे दावे कवटीची चीर बघतात, रक्ताची गाठ बघतात, लुळा पडलेला हात बघतात. मेंदूच्या माराने शरीराच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेचे काय झाले, याला त्यांच्या कागदांत रकाना नाही. हा बिघाड मोजायला महागडे यंत्र लागत नाही, म्हणून तो मोजलाच पाहिजे आणि मोजल्यावर त्याची जबाबदारी घेतली पाहिजे, हे माझे म्हणणे आहे. ते मुद्द्यांत मांडतो.

१. बिघडते काय

हृदय किती वेगाने चालावे, बिछान्यातून उठल्यावर रक्त पायांत न साचता डोक्यापर्यंत कसे पोहोचावे, ऊन लागले की घाम कधी फुटावा, डोळ्याची बाहुली किती लहान व्हावी, जेवण पोटातून पुढे कधी सरकावे, यातले काहीच आपण ठरवून करत नाही. हे काम स्वायत्त चेतासंस्थेचे. तिच्या दोन शाखा आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या असतात. अनुकंपी शाखा संकटाच्या वेळी नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आवळते, घाम आणते. परानुकंपी शाखा, मुख्यतः व्हेगस या लांबलचक नसेतून, हृदयाची गती उतरवते आणि पचन चालू ठेवते. दोघींनाही आवर घालणारी केंद्रे मेंदूत आहेत: तळाशी हायपोथॅलॅमस, त्याखाली मेंदूचा देठ, आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात घडीआड असलेला इन्सुला.

वेगात जाणारे डोके रस्त्यावर आपटून एकदम थांबते तेव्हा आतला मेंदू नुसता पुढेमागे हलत नाही, तो पिळलाही जातो. त्या पिळात लांब चेतातंतू ताणले जातात, काही तुटतात, आणि हे तुटणे देठाच्या वरच्या भागात व दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात जास्त आढळते. म्हणजे वरच्या केंद्रांचा खालच्या केंद्रांवरचा ताबा जिथून जातो, नेमक्या त्याच वाटा तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते. तंतूंची ही तुटफूट बरेचदा दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे वाक्य खरे असूनही अपुरे असते ते यामुळे.

जगभर बेशुद्धीची खोली मोजायला वापरतात तो ग्लासगो कोमा स्केल ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडला. त्यात डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून १५ गुण आहेत. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत, त्याविषयी तक्रार नाही. पण त्यात नाडीला, घामाला, तापाला जागा नाही. डोळ्याच्या बाहुल्यांची प्रतिक्रिया त्या गुणांना जोडायची पद्धतसुद्धा २०१८ मध्ये आली.

२. पहिला तास: नाडी शांत दिसली म्हणून निर्धास्त राहू नये

निरोगी मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतः सांभाळतो. रक्तदाब थोडा खाली-वर झाला तरी मेंदूतल्या रक्तवाहिन्या तेवढ्या रुंद किंवा अरुंद होऊन पुरवठा स्थिर ठेवतात. मार लागलेल्या मेंदूत ही सोय मोडू शकते. मग शरीराचा रक्तदाब पडला की मेंदूचा पुरवठाही थेट पडतो. रँडल चेस्नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ७१७ गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला असेल, तरी त्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण साधारण दुप्पट होते. आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना १५ ते ४९ वयोगटात तो ११० च्या खाली जाऊ देऊ नका असे सांगतात.

उलटी खूणही ओळखावी लागते. कवटीतला दाब फार वाढला की रक्तदाब चढतो, नाडी मंदावते आणि श्वासाची लय बिघडते. हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे दाखवून दिले होते. रुग्णवाहिकेत नाडी ५० वर आलेली बघून ‘पेशंट शांत झाला’ असे वाटणे हा जीवघेणा गैरसमज आहे. त्या क्षणी मेंदूचा देठ दाबला जात असू शकतो.

यावर उपाय महाग नाही. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्याने रुग्णवाहिकांवरच्या कर्मचाऱ्यांना तीनच गोष्टी कसून शिकवल्या: ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, रक्तदाब पडू द्यायचा नाही, आणि फुग्याने श्वास देताना घाई करायची नाही, कारण जास्त वेगाने श्वास दिला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर दुखापतीच्या गटात रुग्ण जगण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली होती. महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिकेची सेवा २०१४ पासून आहे, ती ९३७ गाड्यांनी सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, ही मोठी जमेची बाजू आहे. त्या डॉक्टरांना याच तीन गोष्टींची दरवर्षी उजळणी द्यावी, आणि डोक्याचा मार असलेल्या प्रत्येक रुग्णाचा दर पाच मिनिटांचा रक्तदाब, नाडी व ऑक्सिजन असलेला कागद रुग्णालयात सोपवल्याशिवाय गाडी परत फिरू नये.

३. वॉर्डातला ‘ताप’

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून यावर थोडे थांबतो.

रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रांत मदत करायला माझे वॉर्डात जाणे होते. तिथे एका खाटेवर पाहिलेले सांगतो. विशीतला मुलगा, अपघाताचा तिसरा आठवडा. गळ्याला ट्रॅकी, नाकात राइल्स ट्यूब, डोळे उघडे पण नजर कशावरच ठरत नव्हती. सिस्टरांनी कफ काढायला सक्शनची नळी घातली. मिनिटाभरात मॉनिटरवर नाडी शंभरच्या आतून दीडशेच्या वर गेली. श्वास धापा टाकल्यासारखा. कपाळावर आणि छातीवर घामाचे थेंब आले, मग ओघळ लागले, बघता बघता चादर ओली झाली. दोन्ही हात कोपरात वळून छातीशी आवळले गेले, पाय ताठ झाले, पावले खाली वळली. अंग हाताला चटका देत होते. आई घाबरून पदराने त्याचा घाम पुसत होती, पुन्हा पुन्हा, जोरात. त्या पुसण्यानेच झटका लांबत होता, हे तिला कुणी सांगितले नव्हते. वीसेक मिनिटांत सगळे ओसरले. संध्याकाळी कूस बदलताना पुन्हा तेच. केसपेपरवर लिहिले होते: ताप, अँटिबायोटिक बदलले.

या अवस्थेला पॅरॉक्सिझमल सिम्पथेटिक हायपरअॅक्टिव्हिटी म्हणतात, वॉर्डात ‘पीएसएच’ किंवा ‘स्टॉर्मिंग’. अनुकंपी शाखेवरचा वरचा ताबा सुटलेला असतो. त्यामुळे सक्शन, कूस बदलणे, भरलेले मूत्राशय, शौचाला खडा होणे, अगदी साधा स्पर्श, अशा निरोगी माणसाला न बोचणाऱ्या गोष्टींनाही शरीर प्राणसंकटासारखे उत्तर देते. वाइल्डर पेनफील्ड यांनी १९२९ मध्ये मेंदूतल्या गाठीच्या एका रुग्णात असे झटके वर्णिले, तेव्हा ते अपस्माराचे वाटले होते. तसे ते नसतात. पुढे या अवस्थेला वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीसहून अधिक नावे दिली आणि नोंदी विखुरल्या. अखेर २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने एक नाव आणि निकष ठरवले. अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांत हे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत साधारण ८ ते ३३ टक्के आढळले आहे, आणि तरुण रुग्णांत ते अधिक दिसते. आपल्या रस्त्यांवर पडणारे बहुतेक तरुणच असतात.

ओळखायला लागते काय? नाडी, श्वास, वरचा रक्तदाब, तापमान, घाम आणि हातापायांचा ताठरपणा या सहा गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. मग अकरा प्रश्न: हे सगळे एकाच वेळी होते का, दिवसातून दोनदा तरी होते का, सलग तीन दिवस टिकले का, दुसरे कारण शोधून त्यावर उपचार करूनही थांबले नाही का, असे. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. बेरीज १७ किंवा जास्त आली तर निदानाची शक्यता दाट, ८ ते १६ असेल तर काही शक्यता धरून पुढे जायचे. तालुक्याच्या रुग्णालयातही जी साधने असतात, त्याहून जास्त काही यात लागत नाही. लागतो तो नीट भरलेला तक्ता.

ओळखले नाही तर काय होते, हे नातेवाईक खिशातून मोजतात. जंतुसंसर्ग समजून एकामागून एक महागडी अँटिबायोटिक्स, पुन्हा पुन्हा कल्चर, पुन्हा स्कॅन, कधी फिटच्या औषधांचा चढता डोस. यातले काही तपासणे आवश्यकच असते, कारण अशा रुग्णाला खरा संसर्गही होतो आणि तो चुकवून चालत नाही. पण सगळे अहवाल निर्मळ आले, तरी चौथे अँटिबायोटिक सुरू राहते, आणि इकडे शरीर स्वतःला जाळत असते. प्रत्येक झटक्यात कॅलरींचा खर्च वाढतो, वजन उतरते, स्नायू झिजतात, सांध्यांभोवती नको तिथे हाड तयार होण्याचा धोका वाढतो. उपचार मात्र जुन्या आणि जेनेरिक मिळणाऱ्या औषधांचे आहेत: प्रोप्रानोलॉल, क्लोनिडीन, गॅबापेन्टिन, बॅक्लोफेन, झटक्यात मॉर्फिन. यातले कोणते किती द्यायचे याला मोठ्या चाचण्यांचा आधार अजून थोडाच आहे, त्यामुळे ते अनुभवी डॉक्टरांनीच ठरवायचे. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारख्या वैद्यकीय औषधांच्या परवान्याची वाट सोपी झाली आहे. जिल्हा रुग्णालयांनी तिचा उपयोग करून घ्यावा. आणि अर्धा उपचार तर औषधाविनाच आहे. सक्शनच्या आधी औषध, कॅथेटर मोकळा आहे ना ते बघणे, शौचाकडे लक्ष, खोलीत आवाज कमी, हात लावायचा तर सावकाश आणि एकाच वेळी एकाच माणसाने.

त्या आईला हे शेवटचे वाक्य पहिल्याच झटक्यानंतर कुणीतरी शांतपणे सांगायला हवे होते. ते सांगायला एक पैसा लागत नाही.

४. ‘किरकोळ’ मार

डोक्याच्या दुखापतींत बहुसंख्य दुखापती सौम्य गटातल्या असतात. दोन मिनिटे शुद्ध गेली किंवा गेलीही नाही, ओकारी झाली, स्कॅन स्वच्छ, दुसऱ्या दिवशी घरी. मग पुढचे पंधरा दिवस सकाळी उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, जिना चढला की डोके ठणकणे. घरचे म्हणतात मनाने घेतले आहे. डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या.

यातल्या काहींमध्ये बिघाड मोजता येतो. पाच मिनिटे आडवे झोपवून नाडी आणि रक्तदाब घ्यायचा, मग उभे करून एक, तीन, पाच आणि दहा मिनिटांनी पुन्हा. तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने उतरला, किंवा तो न उतरता नाडी दहा मिनिटांत ३० ठोक्यांहून जास्त चढून तिथेच राहिली (बारा ते एकोणीस वयात ४०), तर त्या माणसाची चक्कर कल्पनेतली नाही. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका करू शकते. डोक्याला मार लागलेल्या किती जणांची ती होते, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने आपल्या ओळखीतल्या एखाद्या रुग्णाला विचारून बघावा.

विश्रांतीचेही तसेच. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहा, हा सल्ला आता मागे पडला आहे. अमेरिकेत बफेलो विद्यापीठातल्या जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर हळूहळू चढ वाढवत, कोणत्या नाडीला त्रास सुरू होतो ते शोधण्याची पद्धत बसवली. त्या नाडीच्या ८० टक्क्यांपर्यंत रोज वीस मिनिटे हलका व्यायाम करायचा. २०१९ मध्ये १०३ किशोरवयीन खेळाडूंवर झालेल्या त्यांच्या चाचणीत व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसते स्ट्रेचिंग करणारे १७ दिवसांत. आता आंतरराष्ट्रीय सल्लाही असाच आहे: पहिले २४ ते ४८ तास आराम, नंतर त्रास वाढणार नाही इतपत चालणे-फिरणे, आणि पूर्ण बरे झाल्याशिवाय मैदानात नाही.

क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. आपल्या गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत, शालेय कुस्तीत, दहीहंडीच्या थरांत हे भान अजून आलेले नाही. थरावरून पडलेला गोविंदा टोपी झटकून पुन्हा चढतो आणि आपण टाळ्या वाजवतो. आयोजकांना परवानगी देताना डोक्याला मार लागलेल्याला त्या दिवशी पुन्हा उतरवणार नाही ही अट घालावी, आणि ती मोडली तर पुढच्या वर्षी परवानगी नाकारावी.

५. घरी परतल्यावर

थोडक्यात सांगतो, कारण हे ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत आहे आणि इतरांना कल्पना यावी एवढाच हेतू. लघवी एकाएकी होणे किंवा अडकणे. बद्धकोष्ठ. जेवल्यावर चक्कर. झोपेचे चक्र उलटे. लैंगिक जीवनात अडचण, जिच्याविषयी ओपीडीत कुणी विचारत नाही आणि रुग्ण बोलत नाही. घाम आणि कातडीचा रक्तप्रवाह यांचे नियंत्रण हायपोथॅलॅमसकडून होते, तेव्हा तिथे मार असेल तर उष्णता सोसत नाही. चंद्रपूरच्या किंवा अकोल्याच्या मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, हा जिवावर बेतणारा प्रश्न आहे. आशा कार्यकर्तीच्या उन्हाळ्यातल्या यादीत वृद्ध आणि गरोदर महिलांबरोबर या रुग्णांची नावे असायला हवीत.

६. सात दिवस

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ मध्ये अपघातग्रस्ताला रोकडरहित उपचाराची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. नियम येण्यास वर्षे लागली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सरकारला मुदत घालून दिली, आणि मे २०२५ मध्ये केंद्राने योजना अधिसूचित केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पहिल्या दिवशी पैशांसाठी रुग्णाला दारातून परत पाठवू नये, हा त्याचा हेतू आहे आणि तो योग्य आहे.

पण तिसऱ्या मुद्द्यातल्या निकषांकडे पुन्हा बघा. झटके दुखापतीनंतर दोन आठवड्यांहून अधिक टिकणे ही त्या अकरा खुणांपैकी एक खूण आहे. बऱ्याच रुग्णांत झटके ठळक होतात तेच मुळी झोपेची औषधे उतरवायला सुरुवात केल्यावर. म्हणजे हा आजार धडपणे ओळखू येईपर्यंत योजनेची मुदत संपलेली असते. आठव्या दिवशी त्या रुग्णाचे काय, याचे उत्तर नातेवाइकांना स्वतःच शोधावे लागते.

मागणी दोन गोष्टींची. गंभीर मेंदू-दुखापतीसाठी सात दिवसांची मर्यादा किमान तीस दिवसांची करावी. आणि तोवर महाराष्ट्रात सातव्या दिवशी रुग्ण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपोआप वर्ग व्हावा. नातेवाइकाने शिधापत्रिका घेऊन खिडक्या फिरत राहू नये. त्या योजनेत मेंदू-दुखापतीच्या पुनर्वसनाचे, स्वायत्त चेतासंस्थेच्या देखरेखीसह, स्पष्ट नावाचे पॅकेज असावे.

७. प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहे, अॅसिडहल्ल्याचे बळी आहेत. हे सगळे असायलाच हवे. मेंदूची अपघाती दुखापत मात्र स्वतःच्या नावाने नाही. अमेरिकेने शालेय शिक्षणाच्या कायद्यात तिला १९९० मध्येच वेगळा प्रकार म्हणून नोंदवले.

परिणाम असा. एखाद्याचा हात लुळा पडला असेल तर तो अस्थिव्यंगाच्या टक्क्यांत बसतो. हातपाय धड, बोलणे धड, पण दहा मिनिटे उभे राहिले की कोसळतो, अशा माणसाला लाभांसाठी लागणारी ४० टक्क्यांची पायरी गाठणे फार कठीण. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी उभ्याने करणारा कामगार उभाच राहू शकत नसेल, तर त्याच्या दृष्टीने हे शंभर टक्के अपंगत्व आहे. सूचीत मेंदू-दुखापतीचा समावेश करावा, आणि मूल्यमापनात उभे राहण्याची चाचणी, मूत्राशयाचे नियंत्रण आणि झटक्यांची नोंद यांना गुण द्यावेत. तसे होईपर्यंत राज्याच्या वैद्यकीय मंडळांना निदान हे निष्कर्ष शेऱ्यात लिहिण्याचे आदेश द्यावेत.

८. भरपाई

इथे न्यायालये योजनांच्या पुढे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात स्पष्ट केले की अपंगत्वाचे वैद्यकीय टक्के आणि कमाईचे नुकसान एकच नव्हे. डावा हात गेला तर सुताराचे जवळजवळ सगळे काम जाते, कारकुनाचे कदाचित काहीच जात नाही. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने, अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात, आयुष्यभर दोन मदतनीस लागतील हे धरून २१ लाख ६० हजार रुपये केवळ त्यांच्यासाठी दिले. एकूण भरपाई ६२ लाख २७ हजारांची झाली.

तत्त्व आहे, पण न्यायाधिकरणापुढे पुरावा लागतो, आणि पुरावा रुग्णालयाच्या कागदांत जन्मतो. केसपेपरवर ‘ताप’ लिहिले असेल तर वकील काय मांडणार? म्हणून तिसऱ्या मुद्द्यातला तक्ता वॉर्डात भरला जाणे हा उपचाराइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

९. ‘आधी खाटा तर द्या’

हा आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो प्रामाणिक माणसे घेतात. एका परिचारिकेकडे रात्री वॉर्डभर रुग्ण असताना तिला आणखी तक्ते भरायला सांगणे निर्दयपणाचे वाटते. परिचारिकांची रिक्त पदे भरली पाहिजेत, यात दुमत नाही. पण नाडी, श्वास, रक्तदाब आणि तापमान ती आजही लिहितेच आहे. भर पडते ती घाम आणि ताठरपणा या दोन रकान्यांची. बदल्यात वाचतात अनावश्यक स्कॅन, अनावश्यक अँटिबायोटिक्स आणि अतिदक्षतेतले दिवस. अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयालाच याची गरज जास्त आहे, कारण तिथे चुकीच्या दिशेने खर्च झालेला रुपया दुसऱ्या रुग्णाच्या तोंडचा असतो.

१०. हेल्मेट

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत महाराष्ट्रातली १५,२२४. हेल्मेट न घालता गेलेले ५०,०२९, आणि त्यांत मागे बसलेले चौदा हजारांहून जास्त. चांगले हेल्मेट डोक्याच्या दुखापतीचा धोका साधारण ६९ टक्क्यांनी कमी करते. हेल्मेटसक्ती आली की आपल्या शहरांत मोर्चे निघतात. त्या मोर्चात चालणाऱ्या प्रत्येकाला तिसऱ्या मुद्द्यातल्या खाटेपाशी एक तास बसवावे, असे मला मनापासून वाटते.

११. आजच करता येण्यासारखे

कायदा बदलायला संसद लागते, योजनेची मुदत वाढवायला केंद्र लागते. डिस्चार्ज कार्ड बदलायला एक परिपत्रक पुरते. सार्वजनिक आरोग्य विभागाने आणि वैद्यकीय शिक्षण विभागाने डोक्याच्या दुखापतीच्या डिस्चार्ज कार्डावर पाच ओळी सक्तीच्या कराव्यात: आडवे असतानाची नाडी व रक्तदाब, उभे राहिल्यावर तीन आणि दहा मिनिटांनी तेच, घामाचे व ताठरपणाचे झटके दिवसातून किती वेळा, लघवी-शौचावर नियंत्रण आहे की नाही, पुढची तपासणी कधी आणि कुठे. हे मराठीत, नातेवाइकाला वाचता येईल अशा अक्षरांत.

आणि ज्यांच्या घरात आज असा रुग्ण आहे त्यांना विनंती: परिपत्रकाची वाट बघू नका. एक वही करा. झटका आला की वेळ लिहा, आधी काय झाले होते ते लिहा, किती मिनिटे टिकला ते लिहा, जमेल तर मोबाइलवर चित्रीकरण करा. पुढच्या ओपीडीत ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि रुग्णाला उभे करून रक्तदाब मोजण्याचा आग्रह धरा.